प्रसंगाधारित सुरक्षा प्रशिक्षण : दोन दिवसांच्या कार्यशाळेचा अभिप्राय

आमच्या गोदामातील 18 पर्यवेक्षकांसाठी एका प्रशिक्षण संस्थेने नुकतीच दोन दिवसांची कार्यशाळा घेतली आणि मीही त्यांत होतो. त्याआधी संस्थेच्या दोन प्रशिक्षकांनी रात्रपाळीत थांबून काम पाहिले होते आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंदवही वाचली होती. आम्ही भूमिका घेऊन वठवायचे प्रसंग त्याच वहीतून बेतलेले असल्यामुळे ‘आमच्याकडे असे होत नाही’ हा ठरलेला आक्षेप कोणालाही घेता आला नाही.

त्यांतला फोर्कलिफ्टचा, म्हणजे माल उचलून नेणाऱ्या गाडीचा, प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटला. ट्रक सुटायला वीस मिनिटे उरली आहेत, वरिष्ठांचे फोन येत आहेत आणि फोर्कलिफ्टचा चालक नवा आहे. गाडी मागे घेताना वाजणारा भोंगा बंद पडल्याचे त्याला ठाऊक आहे, पण विचारल्याखेरीज ते सांगायचे नाही, अशी सूचना त्याची भूमिका करणाऱ्याला दिलेली होती. पर्यवेक्षकाच्या भूमिकेत मी मालाची मोजणी केली, कागदावर सही केली आणि भोंग्याबद्दल अवाक्षरही विचारले नाही.

प्रसंग बारा मिनिटांत संपला, त्यावरील चर्चा मात्र चाळीस मिनिटे चालली, आणि माझ्या मते शुल्क वसूल झाले ते या चर्चेतच. ‘काय चुकले?’ असे न विचारता ‘त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होते?’ येथून प्रशिक्षकांनी सुरुवात केल्यामुळे कोणी सबबी सांगत बसले नाही. फोर्कलिफ्ट म्हणून खुर्चीला पुठ्ठा बांधला होता, याबद्दल काहींनी नाराजी व्यक्त केली. मला ती पटली नाही. विमानचालनात एडविन लिंक यांचे उड्डाणाचा सराव देणारे यंत्र 1929 मध्येच तयार झाले होते, तरीही अनेक अपघातांमागे संवाद, निर्णय आणि नेतृत्व यांतील उणिवा असल्याचे नासाच्या 1979 च्या कार्यशाळेत ठळकपणे मांडले गेले आणि पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात या बाबींना स्थान मिळाले. आमच्यापैकी कोणालाही फोर्कलिफ्ट चालवायला शिकायचे नव्हते. घाईत कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो, हे पाहायचे होते, आणि त्यासाठी पुठ्ठा पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगणकावर घेतलेला भाग निराशाजनक होता. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय होते आणि त्यांपैकी दोन इतके उघड चुकीचे होते की प्रसंग न वाचताही उत्तर देता येत होते. संतप्त कामगाराची भूमिका करणाऱ्या गृहस्थांनी आवाज इतका चढवला की समोरच्याला हसू आवरेना; खरा नाराज कामगार बहुधा गप्प राहतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते. सहा आठवड्यांनंतरची पाठपुरावा भेट करारात होती, पण ती दोनदा आठवण करून दिल्यावरच झाली.

पुढील तुकडीसाठी आम्ही संगणकावरचा भाग वगळून त्या वेळात आणखी दोन प्रसंग मागितले आहेत. पाळी सुरू होतानाच्या तपासणी पत्रकात ‘भोंगा वाजवून पाहिला का?’ हा रकाना आता आला आहे. तो मीच सुचवला.