घर ठेवू की ४०१-केमधला वाटा घेऊ?

कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहणाऱ्या, घटस्फोट घेत असलेल्या एका मैत्रिणीच्या ओट्यावर परवा दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. एकावर घराची किंमत, गृहकर्ज वजा जाता ४ लाख डॉलर. दुसऱ्यावर नवऱ्याचं ४०१-के (नोकरीतल्या पगारातून साठणारा निवृत्तीचा फंड), तेही जवळपास ४ लाख. नवऱ्याचं म्हणणं, "घर तू ठेव, माझा फंड माझ्याकडे राहू दे. हिशेब चुकता." तिलाही ते पटत आलं होतं, कारण मुलांची शाळा बदलावी लागणार नव्हती.

"माझा फंड" इथेच गडबड आहे. कॅलिफोर्नियात लग्नापासून विभक्त होण्याच्या तारखेपर्यंत पगारातून जे साठलं ते दोघांचं, निम्मं निम्मं. खातं कुणाच्या का नावावर असेना. निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का व्हायचा असला तरी तो वाटणीत येतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये ब्राउन खटल्यात ठरवलं. लग्नानंतर पुण्यात नोकरी करताना जमलेला पीएफसुद्धा तिथलं कोर्ट याच हिशेबात धरतं. आपल्याकडे पोटगी माहीत असते, नवऱ्याच्या पीएफवर हक्काचा वाटा ही कल्पना नसते. अपवाद गोव्याचा: तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यानं लग्नाबरोबर मालमत्ता समाईक होते.

आता ते दोन कागद. आकडे सारखे दिसतात, पण ४०१-केवरचा कर अजून भरायचा आहे. काढाल तेव्हा ती रक्कम उत्पन्नात धरली जाते. घर घटस्फोटात एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कर लागत नाही, आणि पुढे विकलं तर राहण्याची अट पाळलेल्या एकट्या व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ असतो. म्हणजे कराच्या बाजूनं घरच सरस. पण घर दर महिन्याला पैसे खातं. कर्ज एकटीच्या पगारावर, तिच्या नावानं नव्यानं काढावं लागेल आणि बँक हो म्हणेलच असं नाही. शिवाय एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्या बाईचा व्हिसाच लग्नावर उभा असतो. तिनं घराचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

४०१-केच्या वाट्याची एक सोय फार जणींना ठाऊक नसते. एरवी साडेएकोणसाठच्या आत पैसे काढले की १० टक्के दंड. घटस्फोटाच्या वाटणीचा जो खास आदेश असतो (सगळे त्याला क्वाड्रो म्हणतात) त्यातून थेट प्लॅनमधून घेतलेल्या पैशाला हा दंड नाही. कर मात्र आहे, आणि २० टक्के आधीच कापून हातात देतात. हेच पैसे आधी स्वतःच्या आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्तिखात्यात) वळवले की दंडाची ती सवलत गेली! म्हणून वकिलाची फी, भाड्याचं डिपॉझिट यासाठी किती लागतील ते आधी ठरवायचं, ते थेट घ्यायचे आणि उरलेलेच वळवायचे.

नवरा सरकारी नोकरीत किंवा शिक्षक असेल तर गोष्ट वेगळी. कॅलपर्स (कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांचा पेन्शन फंड), कॅलस्टर्स (शिक्षकांचा) यांचं पेन्शन म्हणजे महिन्याची रक्कम. समजा एकूण नोकरी ३०० महिन्यांची आणि त्यातले १८० लग्नातले. म्हणजे ६० टक्के समाईक, तुमचे ३०. पेन्शन ४,००० डॉलर बसलं तर १,२०० तुमचे. त्याऐवजी आज एकरकमी सोडवून घ्या असं समोरचा म्हणेल, पण ती रक्कम तज्ज्ञानं धरलेल्या आयुष्यमानावर आणि व्याजदरावर हलते. प्रकृती ठणठणीत असेल तर मी थांबेन. आणि तो निवृत्तीला पात्र होऊनही मुद्दाम नोकरी करत राहिला तर? १९८१ च्या गिल्मोर निकालानुसार तुम्ही आपला वाटा तेव्हाच मागू शकता.

सोशल सिक्युरिटी (अमेरिकन सरकारचं निवृत्तिवेतन) वाटली जात नाही, मात्र लग्न १० वर्षं टिकलेलं असेल तर पुढे त्याच्या नोंदीवर लाभ मागता येतो. ९ वर्षं ८ महिने झाले असतील तर अंतिम निकालाची घाई करू नका.

मैत्रिणीनं आता दोन्ही थोडं थोडं मागितलंय: घर विकायचं, ४०१-के अर्धं करायचं. क्वाड्रोचा मसुदा निकालाच्या आधीच प्लॅनकडे तपासायला गेलाय. आदेश राहून गेला, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि त्याचं बरंवाईट झालं, तर पैसे नव्या बायकोकडे जाऊ शकतात. हे ऐकल्यावर तिनं त्याच रात्री वकिलाला मेल टाकला.