पात्रांना नावं सुचवणारं ॲप: पैसे भरून वापरलं, अडीच स्टार

कथा-नाटकं लिहिणाऱ्यांना पात्रांची नावं काढून देणारी ॲपं आता ढिगानं आलीत. त्यातलं एक जरा बोलबाला असलेलं मी पैसे भरून घेतलं. नाव सांगत बसत नाही, कारण बाकीची दोन-तीन फुकटात चाळली तीपण त्याच वळणाची निघाली, मग एकालाच कशाला बडवायचं. काम होतं एका दोन अंकी नाटकाचं. बेळगाव-खानापूर रोडच्या बाजूचं गाव, भाताची शेती, तीन पिढ्यांचं एक मराठी घर, शेजारी एक लिंगायत घर, एक जैन सावकार, एक मुसलमान ड्रायव्हर, आणि काळ १९५६ च्या आधीपासून पुढं पंचवीस-तीस वर्षं, म्हणजे राज्य पुनर्रचना होऊन आपण मुंबई राज्यातनं इकडं म्हैसूर राज्यात, आताच्या कर्नाटकात आलो तिथनं पुढं. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सापडतील अशी माणसं.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच आहे. ॲपमध्ये 'साऊथ एशिया' निवडलं की खाली भाषांची आणि देशांची मोठी यादी येते, आणि जिथं नाव ठेवायची पद्धत साफ ठरलेली आहे तिथं ते मस्त चालतंय. शेर्पा पात्र काढून बघा, जन्माचा वार विचारतं, सोमवार टाकला की दावा, मंगळवारी मिंग्मा, शुक्रवारी पासांग, शनिवारी पेंबा, अगदी बरोबर, त्यांच्यात खरंच वारावरनं नाव ठेवतात. तमिळ निवडलं तर आडनावाच्या मागं न लागता बापाच्या नावाचं आद्याक्षर पुढं लावून देतं, पंजाबीत हरप्रीत मुलगा पण असतोय आणि मुलगी पण हे त्याला माहितेय आणि सिंग-कौर नीट लावतं, बंगाली माणसाला बाहेरचं 'भालोनाम' आणि घरचं 'डाकनाम' अशी दोन नावं देतं, सिंहली माणसाला परेरा, डिसिल्वा असली पोर्तुगीज वळणाची आडनावं देतं, तीपण बरोबरच. कुणाच्या गोष्टीत कोलंबोचा डॉक्टर नाहीतर काठमांडूचा ट्रेकिंग गाईड असेल तर डोळे झाकून घ्या. सगळ्यांना शर्मा आणि पटेल करून टाकण्यापेक्षा हे लाखपटीनं बरं.

पण आपल्याकडं आलं की गाडी रुतते, आणि रुतायचं कारण पहिल्याच प्रश्नात आहे. ॲप विचारतं, पात्राची भाषा कोणती? मराठी की कन्नड? एक निवडायची, दोन्हीवर टिक करायची सोयच नाही. मी मराठी निवडलं तर पुण्या-मुंबईची नावं आली, सुधीर गोखले, अमोल शिंदे, तेजश्री साठे. कन्नड निवडलं तर बेंगळुरू-मैसूर, म्हणजे रामेगौडा, नंजुंडस्वामी वगैरे. आता मला सांगा, येळ्ळूर-उचगाव-कडोली पट्ट्यात घरात अस्सल मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव काय असतंय? कल्लाप्पा, यल्लाप्पा, नागाप्पा, मल्लाप्पा, भरमाण्णा. ही नावं ॲपच्या मते कन्नड. मी स्वतः हातानं 'कल्लाप्पा' टाकून मराठी कुटुंब मागितलं तर त्यानं लाल पट्टी दाखवली की नाव आणि भाषा जुळत नाही. अरे बाबा, २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये कुराशचं (कुस्तीसारखाच एक खेळ) ब्राँझ आणणारी आपली बेळगावची पोरगी मलप्रभा यल्लाप्पा जाधव, तिच्या नावात कणकुंबीला उगम पावणारी नदी आहे, सौंदत्तीची यल्लम्मा आहे आणि पुढं जाधव आहे. हिला कुठल्या खान्यात टाकणार?

इथली नावं भाषेवरनं नाही, देवावरनं आणि गावावरनं ठरतात, हे त्या ॲप करणाऱ्यांच्या डोक्यातच नाही. सौंदत्तीला जाणाऱ्या घरात यल्लाप्पा, यल्लुबाई, रेणुका आणि परशराम असणारच, यल्लम्मा म्हणजेच रेणुका आणि परशराम हा तिचाच मुलगा, म्हणून तर आमच्याकडं गल्लीत हाक मारली की दोन परशराम वळून बघतात. ज्योतिबाला जाणाऱ्यांच्यात जोतिबा. गावावरनं म्हणाल तर मराठी माणूस 'कर' लावतो, येळ्ळूरकर, सांबरेकर, कडोलकर, आणि कानडी माणूस गावाचं नाव तसंच्या तसं आडनाव म्हणून घेतो, हुक्केरी, कित्तूर. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर ही दोन्ही नावं त्याच चालीची, दोन्ही गावं धारवाडच्या बाजूची. जंगम, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहित घराण्यात शेवटी 'मठ' येतो, हिरेमठ वगैरे. कुमार गंधर्व तरी कोण, १९२४ साली आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. एवढा नियम जरी ॲपमध्ये भरला असता तरी निम्मं काम झालं असतं, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार.

पाटलांचा घोळ तर विचारूच नका. ॲपमध्ये 'पाटील' म्हणजे मराठा, संपला विषय. आमच्याकडं पाटील मराठा असतोय, लिंगायत असतोय, जैन असतोय, मुसलमान पण असतोय, आडनावावरनं काही म्हणजे काही कळत नाही, पहिल्या नावावरनं अंदाज बांधायचा. परशराम पाटील, बसनगौडा पाटील, जिनगौडा पाटील ही तीन वेगवेगळी घरं झाली, आणि बाबासाहेब पाटील म्हटलं की पुन्हा कोडं. देसाई, इनामदार यांचं पण तसंच. नाटकवाल्याला हे फार कामाचं आहे, कारण प्रेक्षकातला माणूस पात्राचं पूर्ण नाव ऐकल्या ऐकल्या त्याला एका गल्लीत नेऊन बसवतो, तुम्ही जात सांगा नाहीतर नका सांगू. ॲपनं माझ्या ड्रायव्हरला 'खान' दिलं. कितीही वेळा बटण दाबलं तरी खानच. इथं नदाफ, मुल्ला, बागवान, मकानदार, मुजावर असली आडनावं पावलापावलाला आहेत, ती त्याच्या यादीतच नाहीत. लिंगायत शेजाऱ्याला मात्र 'ईरण्णा अंगडी' आलं ते एकदम फिट्ट बसलं, तेवढं श्रेय देतो.

काळाचं गणित दुसरं. जन्मसाल टाकायची जागा आहे, पण ती शोभेला आहे असं माझं मत झालंय. १९२० च्या आसपास जन्मलेल्या आजीला त्यानं 'रिया' दिलं आणि १९४८ च्या शेतकऱ्याला 'अर्णव'. मी गंमत म्हणून पहिल्या वाचनाला ॲपची नावं तशीच ठेवली, तर आमच्या ग्रुपमधले सगळ्यात जुने नट पानावरनं मान वर करून म्हणाले, "ओ मास्तर, ह्यो अर्णव कोण ओ? चिखलात उतरून भात लावालाय म्हणता, आणि नाव बघितलं तर इंग्लिश मीडियमचं की." तालीम पुढं सरकायला दहा मिनिटं गेली.

आणि खरी मेख पुढंच आहे. ॲप एका माणसाला जन्मभरासाठी एक नाव देऊन मोकळं होतं (बंगाल्याला दोन, आम्हाला एक, हा कुठला न्याय). आमच्या घरांत एक माणूस एका नावावर भागत नाही. माझ्या नाटकातली सून चंदगडकडनं आणलेली, माहेरचं नाव सुशीला, लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून नाव बदललं, लक्ष्मी. सासू तिला लक्ष्मी म्हणणार, आणि भाऊबीजेला भाऊ दारात येऊन "सुशे" म्हणून हाक मारणार, ती एका हाकेत सगळा प्रसंग उभा राहतोय, संवाद लिहायला पण लागत नाही. बरं, तिच्या पोराचं नाव आजोबांचं ठेवलं, कल्लाप्पा. आता सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, मग स्वतःच्या पोराला ती हाक कशी मारणार? म्हणून पोरगा घरात बाळू, शाळेच्या हजेरीत कल्लाप्पा, आणि मोठा होऊन चार लोकांत बसायला लागला की आप्पा. नवऱ्याला "अहो", फार तर "बाळूचे बाबा". हे सगळं ॲपमध्ये भरायचं तर कोण कुणाला काय म्हणतं याचा तक्ता पाहिजे, आणि तिथं फक्त 'निकनेम' असा एक खाना आहे, त्यात मला 'बंटी' आलं.

स्पेलिंगचं थोडक्यात. नावं आधी इंग्रजी अक्षरात तयार होतात आणि मग देवनागरीत ढकलली जातात, त्यामुळं ळ आणि ण चा पार चुथडा, येळ्ळूरकरचं 'येलूरकर', भरमाण्णाचं 'भारमन्ना', कल्लाप्पाचं 'कलप्पा'. प्रिंट काढायच्या आधी एकेक नाव तपासावं लागतं. ॲपमधनं मेल केला होता, आभारी आहोत असं छापील उत्तर आलं, पुढं काही नाही.

शेवटी नावं कुठनं काढली ते सांगतो म्हणजे कुणाचे पैसे वाचतील. म्हाताऱ्या पात्रांसाठी पेपरातल्या निधन वार्ता. तरुण भारत १९१९ पासनं बेळगावातनं निघतोय, रोज त्यात नाव, वय, गाव, पश्चात कोण कोण, सगळं एका चौकोनात असतंय, वय वजा केलं की जन्मसाल मिळालं, आणि खालच्या मुला-नातवंडांच्या नावांवरनं तीन पिढ्यांची चाल कळते. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा, त्यात मामा-मावशीपर्यंत नावं आणि गावं असतात, कुठली पोरगी कुठं दिली ते पण. आणि गावच्या देवळात भिंतीला लावलेली देणगीदारांची फरशी. आमच्याकडच्या एका फरशीवर वरच्या ओळीत नुसती अप्पा-अण्णांची गर्दी आहे, मधे संजय, सुनील, राजू लागतात, आणि सगळ्यात खाली नवीन रंगानं लिहिलेल्या नावांत विहान आणि स्वरा. फक्त एक पथ्य पाळा, कुणाचं पूर्ण नाव जसंच्या तसं उचलू नका, पहिलं एकाचं आणि आडनाव दुसऱ्याचं घ्या, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत तोच माणूस बसलेला असायचा आणि मध्यंतरात भांडण.

तर अडीच स्टार. दोन बाहेरच्या देशांच्या आणि राज्यांच्या नावांसाठी, अर्धा ईरण्णा अंगडीसाठी. पुढच्या अपडेटमध्ये दोन भाषांवर एकदम टिक करायची सोय दिली आणि गावाचं नाव विचारलं तर मी पुन्हा पैसे भरीन. तोवर फुकटच्या व्हर्जनमध्ये दिवसाला थोडी नावं मिळतात, शेर्पा किंवा तमिळ पात्रापुरती तेवढी बास होतात.