ड्राइव्ह-इन थिएटरच्या नादात माझे साडेअकरा लाख कसे गेले

मागच्या आठवड्यात डोंबिवलीहून एका मुलाचा फोन आला. एका रात्रीसाठी एलईडी वॉल भाड्याने हवी होती. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "ड्राइव्ह-इन थिएटर काढतोय काका, पार्टनर लोकांना डेमो द्यायचाय." म्हणजे उघड्या जागेत गाडीत बसूनच पिक्चर बघायचं थिएटर. जागा कोण देतंय, परवाने कोण काढतंय, हे विचारत गेलो आणि तो सांगत गेला तसा माझ्या लक्षात आलं की हा माझीच गोष्ट मला सांगतोय. म्हणून हे लिहायला बसलो. बायको म्हणाली, स्वतःची शोभा कशाला करून घेता. करून घेतो.

मुलुंडला माझा साउंड-लाइटचा धंदा. गणपती, लग्नं, पक्षाच्या सभा. लॉकडाऊनमध्ये दीड वर्ष गोडाऊनचं भाडं खिशातून भरलं. ५ नोव्हेंबर २०२१ ला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, मॉलच्या गच्चीवर २९० गाड्यांचं ड्राइव्ह-इन सुरू झालं आणि त्याची बातमी घराघरात पोचली. आमचे वडील लगेच वांद्र्याच्या जुन्या ड्राइव्ह-इनच्या आठवणी काढायला लागले. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं ते तिथेच. वॉल माझी, जनरेटर माझा. राहिलं काय? जागा आणि पिक्चर.

नेमके हेच दोन प्रश्न सोडवणारा माणूस महिन्याभरात भेटला. एका लग्नात ओळख झाली. पांढरा शर्ट, गोड जीभ, मला पहिल्या दिवसापासून 'दादा'. त्याने हिशोब मांडला: ८० गाड्या, गाडीला १२०० रुपये, म्हणजे शोला ९६ हजार. शनिवार-रविवार धरा. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला नव्हता, नव्या पिक्चरच्या पहिल्या आठवड्यात वितरक साधारण निम्मा वाटा नेतो तोही नाही, आणि जून ते सप्टेंबर मुंबईत उघड्यावर कोण पिक्चर बघणार हे तर मी स्वतः मांडववाला असून मलाही सुचलं नाही.

मग डेमो. हायवेच्या पूर्वेला, भांडुपच्या मिठागरांच्या बाजूचं मैदान. गेटला कुलूप, वॉचमनने त्याला सलाम ठोकला. सहा गाड्या उभ्या केल्या. मेव्हण्याच्या वॅगनआरमध्ये आम्ही चौघं. "काचा वर करा दादा, आता एफएम लावा." पिक्चरचा आवाज गाडीच्या रेडिओवर येणार होता. लावला, आणि बाहेर रातकिडे, आत डायलॉग असा स्वच्छ की मेव्हणा म्हणाला, हे आपल्या हॉलपेक्षा भारी आहे. शो संपल्यावर दोन गाड्यांची बॅटरी उतरलेली. धक्का मारून सुरू केल्या. सगळे हसलो. त्या हसण्यातच मी त्याला ३ लाखांचा टोकन दिला.

एक गोष्ट मात्र मी त्या रात्री बघितली होती आणि बघून सोडून दिली. पिक्चर त्याने पेनड्राइव्हवरून लावला होता. लॅपटॉपवर फाईलच्या नावापुढे एमकेव्ही लिहिलेलं, म्हणजे साधी व्हिडिओ फाईल. थिएटरला पिक्चर असा येत नाही. तो कुलूपबंद येतो, आणि त्याची किल्ली म्हणजे केडीएम त्या ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक तारखांपुरतीच मिळते. पेनड्राइव्हवरची फाईल किंवा ओटीटीचं खातं लावून तिकीट घेतलं की तो सरळ कॉपीराइटचा गुन्हा. मी विचारल्यावर तो म्हणाला, "डेमो आहे दादा, नंतर ऑफिशियल करू." एफएमच्या ट्रान्समीटरलाही केंद्राच्या वायरलेस खात्याचा परवाना लागतो, हे पुढे वकिलाने सांगितलं. तो ऑनलाइन मागवलेला डबा आजही माझ्या गोडाऊनमध्ये पडून आहे.

पुढे मैदानाच्या डिपॉझिटचे ६ लाख आणि 'सगळ्या लायसन्सचे' अडीच लाख गेले. करार ५०० च्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीचा. रजिस्टर करू म्हटलं तर "मालक गावाला गेलेत". सातबाऱ्याची झेरॉक्स दिली होती, मी फक्त शिक्का बघितला. दोन महिन्यांनी पत्र्याचं कुंपण घालायला गेलो तर सरकारी माणसांनी हाकललं. मालमत्ता पत्रक, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा, काढलं तेव्हा त्यावर नाव मीठ खात्याचं, म्हणजे भारत सरकारचं. आणि सातबारा होता दुसऱ्याच सर्व्हे नंबरचा. ज्याला मी मालक समजत होतो, तो तिथे टेम्पो लावायचे पैसे गोळा करणारा निघाला.

लायसन्सचं तर हसूच आहे. सिनेमा दाखवायचा परवाना १९५३ च्या राज्याच्या कायद्याखाली जागेला मिळतो. जागाच कुणाची ते ठरलेलं नसताना फायरची एनओसी कुठून येणार? त्याने मला दाखवलेल्या पावत्या अर्जाच्याही नव्हत्या, कुठल्यातरी दुकानाच्या फोटोकॉपीच्या होत्या. मी त्या बघून मान डोलावली होती.

पैसे मागायला लागलो तेव्हा त्याने तीन चेक दिले. इथे मी दुसऱ्यांदा फसलो, आणि माझ्या मते हे पहिल्यापेक्षा वाईट. पहिला चेक परत आला. "दादा, पुढच्या सोमवारी बोलू." मग आई आजारी. मग त्याचा फोन बंद. चेक बाउन्स झाल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस जावी लागते, त्यानंतर त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात कोर्टात तक्रार. मी सोमवार मोजत बसलो आणि ४ लाखांच्या चेकची मुदत गेली. उरलेल्या दोन चेकच्या नोटिसा वकिलाने वेळेत पाठवल्या. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी 'हा दिवाणी मामला आहे' ऐकावं लागलं. तो खोटा सातबारा आणि खरं मालमत्ता पत्रक शेजारी शेजारी ठेवल्यावर साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

डोंबिवलीच्या मुलाला मी म्हटलं, वॉल देतो, भाडंही घेत नाही, आधी जागेचं मालमत्ता पत्रक स्वतः ऑनलाइन काढ आणि मला पाठव. जागा देणाऱ्याने दिलेलं नको, तू काढलेलं. काल रात्री पाठवलं त्याने. त्यावर तीन भावांची नावं आहेत. करारावर सही करणारा त्यात नाही.