उथळ बोअर की खोल बोअर?
आपल्या नाशकात बोअर म्हणजे काळा पाषाण फोडायचा, पण बंगालच्या त्रिभुज प्रदेशात नुसता गाळ, ५०-१५० फुटांवर पाणी लागतं, स्वस्तात हापसा बसतो आणि नेमकं त्याच पाण्यात आर्सेनिक हे विष जास्त, कारण त्या गाळात ऑक्सिजन नाही, कुजलेला पालापाचोळा खाणारे जिवाणू लोखंडाचा गंज विरघळवतात मग त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. भारतात पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. उकळून जात नाही बरं का, पाणी आटलं की उलट वाढतं! १५० मीटरखालचा (म्हणजे सुमारे ५०० फुटांखालचा) जुना वाळूचा थर बहुतेक ठिकाणी चांगला. महाग पडतो, पण मी तोच घेईन, टेस्ट करूनच, फक्त शेतीला तिथून उपसा नको, वरचं पाणी खाली ओढलं जातं.