शाळेतच शिजवायचं की मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आणायचं?

हजारो मुलांचं जेवण एकाच ठिकाणी शिजवलं की घाऊक खरेदीमुळे ताटामागचा खर्च उतरतो, स्वच्छतेवर नजर ठेवणंही सोपं जातं. खरी अडचण वाटेत सुरू होते. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं लागतं, नाहीतर जंतू वाढतात. आणि तसं तासन्‌तास गरम ठेवलं की क जीवनसत्त्व घटत जातं. शिवाय एका चुकीचा फटका एकदम सगळ्या शाळांना.

शाळेत शिजवलं तर जेवण ताजं, चव मुलांच्या ओळखीची (म्हणून ताटात कमी उरतं), वस्तीतल्यांना रोजगारही. पण इंधन, पाणी, साठवण सगळं शाळेच्या गळ्यात. शिक्षकच हिशेब लिहीत बसले तर वर्ग बुडतो.

शाळा जवळजवळ असतील तर मध्यवर्ती सोय परवडते. विखुरलेल्या शाळांसाठी मात्र माझं मत शाळेतल्या चुलीलाच.