सेकंडहँड नेक्सॉन ईव्ही घेताय? आधी बॅटरी बघा

जळगावात २०२१ ची, ३०.२ किलोवॅट-अवर बॅटरीवाली नेक्सॉन ईव्ही (टाटाची इलेक्ट्रिक गाडी) जुनी घेतली. पिकअपला तोड नाही भो, पण कागदावरची ३१२ किमी रेंज विसरा, एसी लावून हायवेला दोनशेच्या आसपास धरून चाला. घेताना नुसते टायर न् पेंट बघत बसू नका, खरा पैसा बॅटरीत असतो, ओबीडी डोंगल (गाडीची माहिती वाचणारं, तिच्या सॉकेटात लावायचं छोटं यंत्र) लावून एसओएच, म्हणजे नव्याच्या मानाने बॅटरीची किती टक्के क्षमता उरली, ते बघा आणि फुल चार्ज करून एसी चालू ठेवून धुळ्यापर्यंत चालवून बघा, मे महिन्यात जमलं तर अजून बरं, आपलं ऊन काही लपू देत नाही. फास्ट चार्जिंग समोर लावून दाखवायला सांगा. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, ती तुमच्या नावावर येते का ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. आणि हो, सोबतचा चार्जर मागायला लाजू नका.