कॅनरी म्यूलची ‘रनिंग जोडी’ विकत घेण्याआधी

कॅनरी आणि गोल्डफिंच हे दोन छोटे गाणारे पक्षी. कॅनरी मादी आणि गोल्डफिंच नर यांच्या पिल्लाला म्यूल म्हणतात. म्यूल नर फार छान गातो, पण त्याच्यापासून पिल्लं होत नाहीत. आईबापांची गुणसूत्रं एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे बीजच धड तयार होत नाही. म्यूल मादी कधीकधी घरटं भरते, अंडीही घालते, पण ती रिकामी निघतात. रनिंग जोडी म्हणजे पिल्लं काढणारी जोडी, क्लच म्हणजे एका खेपेची अंडी. तेव्हा ‘म्यूलची रनिंग जोडी आहे, दोन क्लच काढलेत’ असं कोणी सांगितलं, तर एक तर ते पक्षी म्यूल नाहीत, नाहीतर ते क्लच कधी निघालेच नाहीत.

फोंड्याकडच्या एका हौशी पाळणाऱ्याच्या गळ्यात अशीच जोडी मारली गेली. विक्रेता घाटापलीकडचा, ओळख फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरची. निम्मे पैसे यूपीआयने आधी, उरलेले पक्षी रात्रीच्या बसने पोचल्यावर. ‘दादा, तुम्हाला म्हणून देतोय, असा लाइट म्यूल गोव्यात कोणाकडे नाही.’ लाइट म्हणजे पिवळा, गडद पिसं नसलेला. किंमत साध्या कॅनरीच्या पाचपट, आणि सोबत डीएनए सर्टिफिकेट.

सर्टिफिकेट खरं होतं, आणि लोक फसतात ते त्यामुळेच. पिसांवरून होणारी नेहमीची डीएनए तपासणी नर की मादी एवढंच सांगते. पक्षी क्रॉस आहे का, त्याला पिल्लं होतील का, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. ‘नर–मादी सिद्ध’ म्हणजे ‘जोडी सिद्ध’ असा अर्थ पक्षी घेणारा स्वतःच काढतो आणि विक्रेता गप्प राहतो.

मादीने तीन अंडी घातली. तिन्ही रिकामी. मग कारणं सुरू झाली: पहिला क्लच असाच जातो, व्हिटॅमिन ई द्या, तुमच्याकडची समुद्राची हवा दमट आहे. शेवटचं कारण गोव्यात हमखास पचतं, कारण ते अर्धं खरं आहे. दमट हवेत एग फूड (उकडलेल्या अंड्याचं खाद्य) दोन-तीन तासांत आंबतं, बियाण्याला बुरशी धरते, पिल्लू कवचातच मरूही शकतं. पण अंडं रिकामं राहणं वेगळं आणि आत जीव धरून मरणं वेगळं. मादी अंड्यांवर बसल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडं मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा दिसतात. जीव धरून मेला असेल तर रक्ताची लाल कडी दिसते. आत नुसता एकसारखा पिवळट उजेड असेल तर ते अंडं कधी फळलंच नव्हतं, आणि त्याचा हवेशी संबंध नाही. सलग दोन क्लच असे निघाले की थांबायचं. तिसऱ्या क्लचची वाट बघण्यात हंगाम जातो. तोवर विक्रेत्याने नंबर ब्लॉक केलेला असतो.

या जोडीतली मादी खरोखरची गडद म्यूल होती. नर मात्र साधा पिवळा कॅनरी, तोंडाभोवती नारिंगी रंग दिलेला. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पांढरा कापूस चोचीच्या मुळाशी आणि गालांवर हलकेच फिरवल्यावर तो नारिंगी झाला. काही रंग पाण्याने सुटत नाहीत, म्हणून एवढ्यावर थांबू नये. गालावरची पिसं फुंकरीने बाजूला करून मुळं पाहा. खाद्यातून किंवा जातीने आलेला रंग पिसात असतो, कातडीवर नसतो. वरून लावलेला रंग कातडीवर, चोचीच्या कडेला, पापणीच्या काठावर उतरतो. शंका राहिलीच तर रंगीत जागेवरचं एक पीस उपटा. पाच-सहा आठवड्यांत त्या जागी येणारं पीस काय ते सांगून टाकतं.

चोच बघायची तर बाजूने बघा. कॅनरीची चोच आखूड आणि शंकूसारखी असते, गोल्डफिंचची लांब आणि टोकदार, म्यूलची या दोहोंच्या मधली. पंखावर पिवळ्या पट्ट्याची खूण असते, तोंडावर नारिंगी झाक. बहुतेक म्यूल गडद असतात, काही ठिपकेदार. पूर्ण पिवळा, एकही गडद पीस नसलेला म्यूल क्वचितच निघतो. म्हणूनच त्याच्या नावावर पिवळा कॅनरी खपतो.

‘कॅनरी–गोल्डियन क्रॉस’ किंवा ‘कॅनरी–झेब्रा क्रॉस’ असं काही नसतं. कॅनरी एका कुळातला, गोल्डियन आणि झेब्रा हे फिंच दुसऱ्या. एका पिंजऱ्यात ठेवले तरी पिल्लं होत नाहीत. या नावाने मिळतो तो रंगवलेला पक्षी, बऱ्याचदा मुनिया, नाहीतर विणीच्या दिवसांतला पिवळ्या डोक्याचा सुगरण नर.

विक्रेता एक उदाहरण नेमकं पुढे करतो: ‘रेड फॅक्टर कॅनरीपण क्रॉसमधूनच आला ना?’ म्हणजे लाल रंगाचा कॅनरी. आला, खरं आहे. 1920च्या दशकात जर्मनीत हान्स डुंकर यांच्या प्रयोगांत रेड सिस्किन या लाल रंगाच्या छोट्या पक्ष्याचा नर आणि कॅनरी मादी यांचा मेळ घातला गेला. त्या पिल्लांतल्या माद्या वांझ, पण काही नर चालले, आणि ते नर पुन्हा कॅनरी माद्यांना देत लाल रंग उतरवला गेला. हा अपवाद रेड सिस्किनचा. गोल्डफिंच म्यूलला तो लागू पडत नाही, आणि त्या प्रयोगातही क्रॉस मादी कोणाच्या कामाची नव्हती. रेड सिस्किन साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, तेव्हा ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून तो घेणं म्हणजे पैसे देऊन गुन्हा विकत घेणं.

गोल्डफिंच घेतानाही डोकं नीट बघा. युरोपातल्या गोल्डफिंचचं तोंड लाल, गाल पांढरे आणि डोक्यावर काळा पट्टा. डोकं नुसतं करडं, काळं काहीच नाही, तर तो हिमालयातून पकडून आणलेला देशी पक्षी. ‘चॉकलेट बेंगाली’ (तपकिरी बेंगाली फिंच) म्हणून येणाऱ्या पक्ष्यांतही गोव्याच्याच रानातली पांढऱ्या कंबरेची मुनिया खपवली जाते. पकडलेला पक्षी हात जवळ नेताच गजांवर आपटतो, चोचीच्या वरची पिसं घासलेली असतात, शेपटी फाटकी, पायात रिंग नाही. असे पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात आणि विकत घेणाराही त्यात अडकतो.

रिंगचं एकच बघायचं: सांधा. बंद, म्हणजे सांधा नसलेली, रिंग पिल्लू पाच ते सात दिवसांचं असतानाच चढते, नंतर पाऊल मोठं होतं आणि ती जात नाही. म्हणजे बंद रिंगचा पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला. नखाने चाचपून सांधा लागला तर ती रिंग काल घातलेली असू शकते. डीएनए कागदावरचा रिंग क्रमांक पायातल्या रिंगशी जुळवा. तो कागदावर नसेल तर कागद कुठल्याही पक्ष्याचा.

म्यूलच हवे असतील तर कॅनरी मादी आणि बंद रिंगचा गोल्डफिंच नर वेगवेगळे घ्या आणि स्वतः काढा. गोव्यात जूनमध्येही दिवस 13 तासांच्या आसपासच असतो, म्हणून दिव्याने उजेड हळूहळू 14 तासांवर न्यावा लागतो. गोल्डफिंच उशिरा तयार होतो, तोवर दोघांच्या मधे जाळी ठेवा. मादीने घरट्याची वाटी भरायला घेतली की ती जाळी काढा आणि नरावर नजर ठेवा, कारण तो घरटं उसकटतो, अंडी फोडतो. बरीच अंडी रिकामी जातील. जो सांगतो की दर महिन्याला म्यूल निघतात, त्याच्याकडे कोण अंडी घालतंय हे त्यालाच विचारा.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 वर फोन करून सायबर तक्रार नोंदवा. चॅट पुसू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पकडलेला पक्षी आला असेल तर वन खात्याला कळवा, परस्पर सोडून देऊ नका.

आणि घरात म्यूल मादी आलीच असेल तर तिच्या पिंजऱ्यातली वाटी आजच काढा, दिव्याचे तास कमी करा. नाहीतर ती रिकामी अंडी घालत राहते, अंगातलं कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकून मरते. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम असू द्या.